रोहू आणि धर्म
वैनगंगेकाठच्या बालाघाटात हळद, तिखट, लसूण चोळलेले रोहूचे तुकडे संध्याकाळी तव्यावर चरचरले की कोणीतरी नाक मुरडतोच: हे धर्मात बसते का? मनुस्मृतीचा पाचवा अध्याय मासे खाणाऱ्याला सर्वमांसभक्षक ठरवतो आणि लगेच पुढच्या श्लोकात देव-पितरांच्या कार्यासाठी रोहूला मुभा देतो. सरसकट बंदी ग्रंथालाही पेलली नाही. जीव जातो, हा माळकऱ्यांचा आक्षेप मात्र खरा. तिथे श्लोक पुरत नाही. पण अहिंसा हे स्वतः घ्यायचे व्रत आहे. ते मासे धरणाऱ्या ढीमराच्या जाळ्यावर लादले, की उरतो सोवळ्याचा तोरा. ज्याला सोडायचे त्याने खुशाल सोडावे, दुसऱ्याच्या तव्याला पापी म्हणायचा अधिकार त्यातून मिळत नाही.