आज्ञाभंग आणि त्याचे फळ

ईश्वराची आज्ञा मोडणाऱ्या मनुष्याला त्याचे फळ कोणत्या रूपाने भोगावे लागते, या प्रश्नाचे उत्तर बायबलने सिद्धांतांपेक्षा चरित्रांच्या द्वारे अधिक दिले आहे. इस्राएलचा पहिला राजा शौल आणि त्याच्यामागून आलेला दावीद यांची चरित्रे शेजारी ठेवून पाहिली असता या विषयाचे मर्म उलगडते.

अमालेकी लोकांशी युद्ध करताना त्यांचे काहीही राखून ठेवू नये, अशी आज्ञा शमुवेल संदेष्ट्याने शौलाला सांगितली होती. त्या आज्ञेतील संहार आजच्या वाचकाला व्यथित करतो, आणि भाष्यकारांनाही त्याने अस्वस्थ केले आहे. परंतु शौलाने ती मोडली ती दयेपोटी नव्हे. शत्रूचा राजा आणि उत्तम मेंढरे व गुरे त्याने राखली. टाकाऊ तेवढे नष्ट केले. शमुवेल येताच, आपण आज्ञा पाळली, असे तो स्वतःहून सांगू लागला. तोच मेंढरांचे ओरडणे संदेष्ट्याच्या कानी पडले. तेव्हा शौलाने दोष लोकांवर घातला आणि यज्ञाचे निमित्त पुढे केले. यज्ञाहून आज्ञापालन श्रेष्ठ, असे बजावून शमुवेलाने त्याचे राजपद गेल्याचे सांगितले. अखेरीस शौलाने अपराध कबूल केला खरा; पण त्याच वेळी, वडील मंडळींसमोर आपला मान राखावा, अशी विनंतीही केली. पापाच्या दुःखापेक्षा लौकिकाची चिंता त्याला अधिक होती.

दाविदाचा अपराध याहून लहान नव्हता. बथशेबेच्या मोहाने त्याने तिचा पती उरीया यास रणात सर्वांत धोक्याच्या जागी ठेवून मारविले. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. दावीद संतापला आणि त्या श्रीमंताला मृत्युदंड योग्य आहे, असे बोलून गेला. तो श्रीमंत तूच, असे नाथानाने सांगताच दाविदाने ना कारण सांगितले, ना कोणाकडे बोट दाखविले. पाप कबूल केले. त्याला क्षमा मिळाली.

परंतु क्षमा मिळाली म्हणून परिणाम टळले नाहीत. बथशेबेचे बालक सातव्या दिवशी गेले. पुढे पुत्र अबशालोम याने बंड केले, आणि तो मारला गेला तेव्हा, त्याच्याऐवजी आपण मेलो असतो तर बरे झाले असते, असा आक्रोश दाविदाने केला.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. त्या बालकाचा अपराध कोणता? ग्रंथ त्या मृत्यूला ईश्वरी शासन म्हणतो, आणि मन तेथे अडखळते. बायबललाही हा प्रश्न टोचलेला दिसतो. बाबेलच्या बंदिवासातील संदेष्टा यहेज्केल याने, पित्याच्या पापाचा भार पुत्राने वाहावयाचा नाही, असे निक्षून सांगितले. ईयोबाच्या ग्रंथात, दुःख दिसताच पापाचे अनुमान करणाऱ्या मित्रांनाच ईश्वराने दोषी ठरविले. म्हणून दुसऱ्याचे दुःख पाहून त्याच्या आज्ञाभंगाचा हिशेब मांडण्याचा अधिकार कोणाला नाही. तो हिशेब ज्याचा त्याने स्वतःपुरता मांडावा.

तसा तो मांडला, तर एवढे निश्चित दिसते. आज्ञाभंगाचे पहिले फळ बाहेरून येणारे संकट नव्हे; ते सत्यापासून दूर पळणे होय. एदेन बागेत आदाम प्रथम झाडांआड लपला आणि नंतर त्याने दोष स्त्रीवर ढकलला. शौलाने तेच केले. हे पळणे जेथे थांबते तेथे क्षमेचा आरंभ होतो. क्षमेने ईश्वराशी तुटलेला संबंध पुन्हा जुळतो. केलेले कर्म मात्र पुसले जात नाही. उरीया परत आला नाही. ज्याला क्षमा हवी, त्याने हेही ओझे निमूटपणे उचलण्याची तयारी ठेवली पाहिजे.