दोनशे बासष्टांचे चव्वेचाळीस

एल साल्वादोरचे राष्ट्राध्यक्ष नायीब बुकेले यांच्या राजकारणाचा श्रीगणेशा २०१२ मध्ये एका चिमुकल्या नगरपालिकेत झाला. राजधानीलगतच्या नुएवो कुस्कात्लानचे ते अल्काल्दे, म्हणजे नगराध्यक्ष झाले, तेही एफएमएलएन या डाव्या पक्षाच्या तिकिटावर. २०१५ मध्ये राजधानी सान साल्वादोर हाती आली, २०१७ मध्ये पक्षाने हकालपट्टी केली आणि २०१९ मध्ये ते थेट राष्ट्राध्यक्ष झाले. याच बुकेलेंनी १ जून २०२३ रोजी देशातल्या २६२ नगरपालिकांच्या ४४ करण्याची घोषणा केली. पंधरवडाही उलटला नाही तोच संसदेने कायदा संमत केला. सार्वमत नाही की गावोगाव विचारणा नाही.

सरकारचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. सुमारे २१ हजार चौरस किलोमीटरचा देश, ६० लाखांच्या घरातली वस्ती. त्याला २६२ नगराध्यक्ष कशाला? ला पास विभागातल्या मेर्सेदेस ला सेइबासारख्या पालिकेची लोकसंख्या तर हजाराच्याही आत. शिवाय पालिकांमधला भ्रष्टाचार कुणाला ठाऊक नव्हता? लोकांना या निर्णयाचा राग आला नाही, यात नवल नाही.

तरीही अशा गावात अल्काल्दियाची, म्हणजे पालिका कार्यालयाची, पायरी चढावी लागत नाही असे घर नसते. बाळाच्या जन्माची नोंद तिथे, बाजारातल्या गाळ्याचे भाडे तिथे, दफनभूमीतल्या जागेची परवानगी तिथे, गावच्या संताच्या उत्सवाचा खर्चही तिथलाच. नव्या कायद्याने जुन्या २६२ पालिका ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणून उरल्या. नाव तेच, हद्द तीच. फक्त गावाने स्वतः निवडलेला आणि म्हणून गावाला जाब देणारा माणूस तेवढा गेला.

त्याआधी पैशाची वाट लागली होती. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘फोदेस’ या निधीतून राष्ट्रीय महसुलाचा ठरावीक हिस्सा पालिकांना मिळे. तो वाढत वाढत १० टक्क्यांवर पोहोचला होता. २०२० च्या मध्यापासून हे पैसे अडकू लागले. २०२१ मध्ये हिस्सा १.५ टक्क्यावर आणला गेला आणि गावातली कामे करायला केंद्राच्या अखत्यारीत एक नवे बांधकाम कार्यालय उभे राहिले. रस्ता होतच राहिला, पण त्याचे श्रेय आणि किल्ल्या दोन्ही राजधानीत गेल्या. तिजोरी रिकामी झालेल्या पालिका दोन वर्षांनी निरुपयोगी ठरवणे मग फारसे अवघड नव्हते.

याचा दोष एकट्या बुकेलेंच्या माथी मारता येणार नाही. गृहयुद्ध संपवणाऱ्या १९९२ च्या चापुल्तेपेक शांतता करारानंतर उजव्या आरेना आणि डाव्या एफएमएलएनने देश एकापाठोपाठ एक चालवला. पण २०१५ पर्यंत निवडणूक जिंकणारा पक्ष पालिकेचे अख्खे मंडळ गिळत असे. ४० टक्के मते मिळवून हरलेल्यांना एक खुर्चीही नसे. ज्या पक्षांनी गावात विरोधकाला कधी बसू दिले नाही, त्यांच्यासाठी गाव रस्त्यावर का उतरेल?

आणि तरी याच पालिकांनी त्यांना तारले होते, हे ते विसरले. १९८९ ते २००९ अशी वीस वर्षे राष्ट्राध्यक्षपद आरेनाकडे होते. त्या काळात एफएमएलएनने १९९७ मध्ये राजधानीची पालिका जिंकली. कालपर्यंत बंदूक हाती असलेले लोक कचरा उचलू शकतात, अंदाजपत्रक मांडू शकतात, हे मतदारांना तिथे दिसले. २००९ मध्ये देशाची सत्ता मिळाली, त्यामागे ही उमेदवारी होती. बुकेलेही याच वाटेने आले. देशात हरलेल्या पक्षाला कुठेतरी कारभार करून दाखवण्याची जागा असणे, हे स्थानिक स्वराज्याचे मोठे काम. खर्चाच्या हिशेबात ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

३ मार्च २०२४ च्या पालिका निवडणुकीत जेमतेम ३० टक्के लोक मतदानाला आले. एफएमएलएनला ४४ पैकी एकही पालिका मिळाली नाही. आरेनाला एकच मिळाली, ला लिबेर्ताद एस्ते. तिथे मिलाग्रो नावास निवडून आल्या. त्यात विलीन झालेल्या अंतिग्वो कुस्कात्लानमध्ये त्या १९८८ पासून निवडून येत होत्या. नाक्यानाक्यावर ओळख असलेल्या बाई. गंमत अशी की, नुएवो कुस्कात्लान आता याच पालिकेत मोडते. बुकेलेंचे पहिले गाव आज देशातल्या एकमेव आरेना पालिकेचा भाग आहे.

यावरून काय घ्यायचे? पालिका एकत्र करणे हे मुळात पाप नव्हे. युरोपातल्या अनेक लोकशाही देशांनी ते केले आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी पैसा काढला, मग अकार्यक्षम म्हटले, मग निवडणुकीला वर्षही उरले नसताना हद्दी बदलल्या. पालिकांची संख्या किती असावी यावर वाद घालता येईल. पण ती संख्या सत्ताधाऱ्याने एकट्याने ठरवायची नसते. उद्याचा बुकेले, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, कुठल्या नगरपालिकेतून पुढे येणार, याचे उत्तर ज्या व्यवस्थेकडे नाही, तिथे निवडणुका होतील, पण सत्तापालट होणार नाही.