पांगुळगाडा आणि पुडी

इंदूरच्या सुदामानगरात आमच्या शेजारी पाच वर्षांची एक मुलगी राहते. सकाळी साडेसातला तिची आजी वाटीत तेल कोमट करून बसते. मुलीचा उजवा अंगठा तळव्यात दुमडलेला असतो आणि त्यावर चारही बोटं घट्ट मिटलेली. आजी ती मूठ ओढून उघडत नाही. आधी मनगट हळूच खाली वाकवते, मग बोटं आपसूक सैल पडतात. ही युक्ती फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी शिकवली. तेल मात्र सियागंजातल्या पंसाऱ्याकडून आणलेल्या मुळ्या घालून घरी उकळलेलं.

मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिच्या आईने एक वही ठेवली आहे. डाव्या रकान्यात औषध, उजव्या रकान्यात मुलगी काय शिकली ते. पुष्य नक्षत्राचं सुवर्णप्राशन, ब्राह्मी घृत, होमिओपॅथीच्या गोळ्या, हायवेलगतच्या तंबूत मिळणारी औषधाची पुडी. पुडीच्या समोर लिहिलंय, ‘आधाराशिवाय बसली.’ त्या नोंदीमुळे पुडी आणखी सात महिने चालू राहिली.

मला ही वही फार महत्त्वाची वाटते, कारण सगळा घोटाळा तिच्या दोन रकान्यांमध्येच आहे. सेरेब्रल पाल्सीत गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात मेंदूला झालेली इजा वाढत नाही आणि भरूनही येत नाही. मूल मात्र वाढतं, धडपडतं, शिकतं. पुडी असली तरी आणि नसली तरी. कॅनडात अशा 111 मुलांवर एक चाचणी झाली, 2001 साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. काही मुलांना दाबाखालचा ऑक्सिजन दिला, बाकीच्यांना नुसती थोड्या दाबाची हवा. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि सारखीच सुधारली. तिथे तुलनेला दुसरा गट होता म्हणून हे कळलं. घरात एकच मूल असतं, त्यामुळे त्या महिन्यात जे चालू असेल त्याला श्रेय जातं. पुडीवाला खोटारडा असेल किंवा मनापासून विश्वास असलेला असेल, त्याने फरक पडत नाही. श्रेय होतं त्या मुलीचं आणि रोज तासभर तिला बसवणाऱ्या बाईचं, ते पुडीच्या नावावर जमा झालं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण अशा मुलांपैकी तिनात एकाला तरी फिट्स येतात, आणि ‘आमचं औषध चालू असताना फिट्सची गोळी बंद ठेवा’ असं सांगणारे भेटतात. ती एकाएकी बंद केली तर न थांबणारी फिट येऊन जीव जाऊ शकतो. 2004 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात बॉस्टनच्या दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी 70 औषधं तपासली होती, त्यांतल्या 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं वाढत्या मेंदूलाच इजा करतं. म्हणजे आधीच घाव झालेल्या जागी दुसरा घाव. तिसरं नुकसान दिसत नाही. मांड्यांचे स्नायू ओढत राहतात आणि खुब्याचं हाड हळूहळू जागेवरून सरकतं. ते वेळेवर एक्स-रे काढूनच कळतं. वाट पाहण्यात ती वेळ जाते.

यावर ‘आपल्या परंपरेला नावं ठेवू नका’ असं लगेच ऐकू येतं. मग परंपराच उघडून पाहू. काश्यपसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात सुवर्णप्राशन आहे, पण ते बाळाच्या बुद्धी-बळासाठी. इजा झालेला मेंदू दुरुस्त करण्याचं वचन तिथे नाही. त्याच ग्रंथात ‘फक्क’ रोग आहे. वर्षाचं होऊनही पायांवर न चालणारं मूल म्हणजे फक्क. त्याला तूप सांगितलं, दूध सांगितलं, तेल सांगितलं, आणि सोबत सांगितला तीन चाकांचा छोटा रथ, ज्याला धरून मुलाने चालायचा सराव करायचा. आपल्या घराघरांतला पांगुळगाडाच तो! काश्यपांनी औषध आणि व्यायाम एकत्र दिले होते. आपण औषध उचललं आणि गाडा माळ्यावर टाकला.

म्हणून तेल लावू नका असं मी आजीला कधीच म्हणणार नाही. मूल शांत होतं, झोपतं, आजीचा हात ओळखतं. ज्या घराला वर्षानुवर्षं ‘काही होणार नाही’ असंच ऐकायला मिळालं, त्या घराला हाताने करण्यासारखं काहीतरी हवं असतं. तंबूतल्या माणसाने अर्धा तास बसवून विचारपूस केली. एका मोठ्या दवाखान्यात मात्र रिपोर्ट हातात देऊन तीन मिनिटांत बाहेर पाठवलं. माझा राग जास्त त्या तीन मिनिटांवर आहे. मेंदूचे विकार आणि पक्षाघात बरे करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. पण नुसती जाहिरात बंद करून आई घरी बसणार नाही. 2013 मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं ठरवली गेली. फिजिओथेरपी, वाचा, श्रवण, सगळं एका छताखाली. अशा मुलांसाठीच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात एक लाखापर्यंतचं कवच आहे. ही नावं तिच्या आईला चौथ्या वर्षी कळली. तीही दवाखान्यातून नव्हे, बसमध्ये शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका आईकडून.

मागच्या महिन्यात त्यांनी सुताराकडून पांगुळगाडा करून घेतला. फिजिओथेरपीच्या ताईंनी मुलीच्या उंचीप्रमाणे दांडा कुठे हवा ते खडूने भिंतीवर आखून दिलं. तेल लावून झालं की आजी तिला दारात उभी करते आणि मागून कंबर धरते. पहिल्या दिवशी गाडा एकदम पुढे पळाला, म्हणून आता त्याच्या तळाला दोन विटा बांधल्या आहेत.