दुःखाची साक्ष

दुःख ज्याचे त्यानेच भोगायचे, ते वाटून देता येत नाही, ही समजूत भारतीय धर्मविचारात खोलवर रुजलेली आहे. कर्मसिद्धान्त तिला आधार देतो: संचितातला जो भाग फळाला आला ते प्रारब्ध, आणि प्रारब्ध भोगूनच संपते. तसे असेल, तर आपल्यासारख्याच होरपळलेल्या माणसांत बसून आपबीती सांगण्याने काय साधते? वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न पोथीपुरता राहिलेला नाही. पवनारजवळच्या दत्तपूर येथे 19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांच्यासह त्यांच्या कुटुंबातील सहा जणांचा अंत झाला. महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते. पुढे कापूसपट्ट्यातल्या हजारो घरांत मागे राहिलेल्या बायकांना त्याच प्रश्नाला सामोरे जावे लागले. झाले ते कोणाला सांगायचे, आणि सांगून काय होणार?

या प्रश्नाचे फार जुने उत्तर बौद्ध परंपरेत आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी शेजारच्या नागपुरात झालेल्या दीक्षेनंतर ही परंपरा वर्ध्याच्या गावागावांत पुन्हा रुजली. पालीतील थेरीगाथेत भिक्षुणींनी स्वतःच्या आयुष्याबद्दल स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे. त्यांपैकी पटाचारेची कथा अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली भाष्यांमध्ये, सविस्तर येते. नवरा सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले नदी ओलांडताना गेली, आणि माहेरी पोहोचण्याआधीच वादळात घर कोसळून आईवडील व भाऊ गेल्याचे तिला कळले. ती वेडी होऊन भटकली, बुद्धांपाशी सावरली आणि संघात आली. थेरीगाथेतला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा आहे. मुले गमावलेल्या अनेक स्त्रिया पुढे पटाचारेकडेच आल्या आणि काळजात रुतलेले शल्य तिने उपटून काढले, असे त्यांनी सांगितले. तिने त्यांना जो बोध केला तो इतर कोणा भिक्षूलाही करता आला असता. पण तो बोध करणारीने स्वतःची दोन मुले गमावली होती, आणि म्हणूनच त्या स्त्रियांना तो ऐकून घेता आला. दुःख वाटता येत नाही हे तत्त्व यात मोडत नाही, कारण पटाचारेने कोणाचेही दुःख स्वतःवर घेतले नाही. असे होऊनही माणूस उभा राहू शकतो याचा पुरावा मात्र त्या स्त्रियांना तिच्या रूपाने समोर दिसला.

हिंदू घरांतल्या सुतकाच्या रीतीतही सांगण्याला जागा आहे. मयतीनंतर नातेवाईक, शेजारणी भेटायला येतात, आणि घरची बाई प्रत्येकीला तीच हकिगत पहिल्यापासून सांगते: सकाळी काय बोलणे झाले, जेवून गेले की नाही, निरोप कोणी आणला. ऐकणारीला ती ठाऊक असते, तरी ती पुन्हा ऐकते. या पुनरावृत्तीत मोठे शहाणपण आहे, पण तिला तेरवीची मर्यादा आहे. चौदाव्या दिवशी घर रिकामे होते. मृत्यू आत्महत्येचा असेल तर ते तेरा दिवसही पुरते मिळत नाहीत. पोलिसांचा पंचनामा, तलाठ्याची चौकशी आणि बाईच्याच वागण्यावर घेतलेला संशय यांत मोकळे बोलणे राहून जाते.

त्यानंतर तिला सांगावे लागते ते कागदासाठी. सरकारी मदत एक लाखाची: त्यातले 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत. नापिकी, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा यांवरून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. जमीन सासऱ्याच्या नावावर असल्याने किंवा कर्ज गावातल्या खासगी सावकाराचे असल्याने अनेक प्रकरणे अपात्र ठरली. पंतप्रधानांनी 2006 मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात वर्धाही होता. पैसा हवाच होता. पण ‘अपात्र’ हा शिक्का मदत नाकारून थांबत नाही. बाईने सांगितलेले खरे नाही, असा निवाडाही तो तिच्या आयुष्यावर देतो.

येथे न्यायदर्शन उपयोगी पडते. नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानले आणि आप्ताचे वचन म्हणजे शब्दप्रमाण, अशी त्याची व्याख्या केली. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने भाष्यात स्पष्ट केले आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू होते. म्हणजे प्रमाण ठरण्यासाठी जात किंवा विद्या लागत नाही. या कसोटीवर, घरात काय घडले याविषयी आप्त कोणी असेल तर ती मागे राहिलेली बाईच. सातबाऱ्यावरचे नाव हा एका वेगळ्याच गोष्टीचा पुरावा आहे.

समदुःखी बायका एकत्र बसल्या की हे प्रामाण्य वाद न घालता मान्य होते. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि वर्ध्याचे हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकरी कुटुंबांतल्या अशा स्त्रियाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांपैकी वैशाली येडे यांनी जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले. आपला पुनर्जन्मावर विश्वास नाही, लढायचे ते याच जन्मात, असे त्यांनी त्या व्यासपीठावरून सांगितले. एकटीला ‘नशीब’ वाटणारी गोष्ट दहा जणींच्या तोंडून ऐकली की तिच्यातले सारखेपण दिसू लागते: तोच सावकार, तोच बियाण्याचा खर्च, वारसनोंदीला तोच नकार. प्रारब्ध प्रत्येकीचे वेगळे असायला हवे. येथे तर दहा जणींची कारणे एकच निघतात. मग ती शोधता येतात आणि त्यांबद्दल जाब विचारता येतो. महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अशा अनुभवांतूनच जमिनीच्या हक्काच्या आणि शेतकरी म्हणून ओळखीच्या मागण्या उभ्या केल्या.

विनोबांनी 1959 मध्ये पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले ते सामूहिक साधनेच्या आग्रहातून. एकट्याची मुक्ती त्यांना अपुरी वाटत होती, आणि तेथले निर्णय सर्वांच्या संमतीने व्हावेत असा त्यांचा कटाक्ष होता. शोकाचा प्रश्न त्यांच्यासमोर या रूपात नव्हता. तरीही, मुक्ती सामूहिक असू शकते असे मानले की दुःख नितांत खासगी आहे हे गृहीत धरणे अवघड होते.

अशा सांगण्याला मर्यादा आहेत आणि त्या गंभीर आहेत. पत्रकार, अभ्यासक, पुढारी यांच्यासमोर तीच हकिगत पुन्हा पुन्हा उगाळायला लावणे ही सांगणारीची पिळवणूक आहे. आप्ताच्या लक्षणात सांगण्याची इच्छा आहे. ती नसेल तर ते वचन वदवून घेतलेले ठरते. म्हणून बैठकीला येऊन गप्प बसणारीचा हक्क बोलणारीइतकाच मोठा. समदुःखी आता मोबाइलच्या गटांवरही जमतात, तेथे हे विशेष जपावे लागते. नाव न सांगता बोलता येते, रात्री दोन वाजताही कोणी ऐकणारे भेटते, हा तेथला आधार खरा आहे. पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट पुढे पाठवली गेली की ती परत घेता येत नाही. शिवाय असे गट हे उपचार नव्हेत. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरच हवा. त्यासाठी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते.