मुक्या जिवाचा होकार

कतारमधील अल-शहानिया येथे उंटांच्या शर्यती होतात. पूर्वी उंटांवर लहान मुले बसवीत. २००५ साली त्या देशाने ही प्रथा बंद केली व मुलांच्या जागी छोटे यंत्रमानव आले. योग्यच झाले. लेकराला ‘नको’ म्हणता येत नव्हते. परंतु जनावराला तरी ते कोठे म्हणता येते?

हा प्रश्न मला सुचला तो इंजेक्शनांवरून. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहान तुकडा. शर्यतीच्या घोड्यांसाठी ‘टीबी-५००’ आणि माणसांच्या दुखऱ्या सांध्यांसाठी ‘बीपीसी-१५७’ अशी पेप्टाइडे हल्ली विकली जातात. खेळाडूंना दोन्ही वर्ज्य आहेत. ती हुडकण्यासाठी प्रयोगशाळा आहेत. दोह्यातही एक आहे. बाटलीवर मात्र लिहिलेले असते, ‘केवळ संशोधनासाठी’.

पेप्टाइड म्हणजे विष नव्हे. इन्सुलिनही पेप्टाइडच. १९२१ साली टोरांटोत ते आधी कुत्र्यांना टोचले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाला दिले, तेव्हा सुईच्या जागी गळू झाले. डॉक्टरांनी ते लिहून ठेवले, औषध अधिक शुद्ध केले, मगच पुन्हा दिले. मुलगा सावरला.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. डॉ. हाफकिन आपल्याच धर्माचे. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्यास त्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील राजी झालेल्या कैद्यांना दिली आणि न टोचलेल्यांशी ताळा पाहिला. कैद्याचा होकार कितपत मोकळा, ही शंका उरतेच. पण टोचणाऱ्याने आधी स्वतःचे अंग पुढे केले होते, आणि नोंद ठेवली होती.

नर्सचे काम शिकताना पहिला धडा हाच मिळाला: जे दिले ते लिहा, जे झाले तेही लिहा. या बाटल्यांचे काय? घोडा लंगडला, पोराला गळू झाले, तर लिहितो कोण? नाव संशोधनाचे, पण वही कोणाचीच नाही. शिवाय टोरांटोच्या कुत्र्यांनी सोसले ते मरणाऱ्या मुलांसाठी. शर्यतीचे जनावर सोसते ते मालकाच्या बक्षिसासाठी. माझ्या मते पाप सुईत नाही, या दोन गोष्टींत आहे.

कोकणात आपले वाडवडील शनवार तेली म्हणून ओळखले जात. शब्बाथला घाणा थांबे, तेव्हा बैलालाही विसावा मिळे. तशी आज्ञाच आहे. बैलाने तो मागितला नव्हता. त्याला मागता येत नाही, म्हणूनच तो त्याच्यासाठी लिहून ठेवलेला आहे.