मनुका नको, कडीच हवी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५० च्या सुमारास ऱ्हीसस माकडांसमोर एक साधंसं यांत्रिक कोडं ठेवलं. एक खिटी, एक आकडा, एक कडी. खिटी उपसायची, आकडा सोडवायचा, मग कडी उचलायची. कडी उघडल्यावर हाती काहीच लागत नव्हतं. तरीही माकडं कोड्याशी झटत राहिली, काही दिवसांत ती ते सफाईनं सोडवू लागली आणि एकदा सुटल्यावरही पुन्हापुन्हा सोडवत बसली. मग कडीखाली मनुका ठेवून पाहिली. आता तर माकडांचं काम आणखी सुधारायला हवं होतं. झालं उलटंच. चुका वाढल्या, सफाई गेली.

सुमारे वीस वर्षांनी एडवर्ड डेसी या तरुण संशोधकानं हाच प्रश्न माणसांपुढे टाकला. त्यानं सोमा क्यूब घेतला. याचे सात तुकडे नीट जुळवले की त्यांचा घन होतो आणि इतर शेकडो आकृत्याही होतात. विद्यार्थी आकृत्या जुळवायला बसले. अर्ध्या जणांना मधल्या एका बैठकीत प्रत्येक सुटलेल्या आकृतीमागे एक डॉलर मिळाला, उरलेल्यांना काहीच नाही. डेसीचं खरं लक्ष होतं ते तो खोलीबाहेर जाई त्या आठ मिनिटांवर. टेबलावर मासिकं होती, वाटलं तर ती चाळायची मुभा होती. पैसे बंद झाल्यावर, ज्यांना ते एकदा मिळाले होते त्यांचा सोमातला रस कमी झालेला दिसला. ज्यांना कधीच मिळाले नव्हते, ते आपण होऊन तुकडे फिरवत राहिले. १९७१ साली हा निबंध छापला गेला आणि त्यावर पुढची कित्येक वर्षं वाद झाले. पण कोडं हेच कोड्याचं बक्षीस असू शकतं, ही गोष्ट त्यातून ठसठशीतपणे पुढे आली.

आज मोबाइलवरच्या खेळांचा बाजार बराचसा मनुकांवर चालतो. नाणी, हिरे, रोज हजेरी लावल्याबद्दल बक्षीस, पडद्यावर फुटणारे फटाके. २०१२ साली आलेल्या ‘कँडी क्रश सागा’मध्ये पाच जीव मिळतात. ते संपले की एकेक परत यायला अर्धा तास थांबायचं, मित्रांकडे मागायचे किंवा पैसे मोजायचे. याच बाजारात एक वेगळी जात टिकून आहे. कोरा पडदा, चारदोन आकार, एखादा नियम. पोलंडच्या माचेइ तार्गोनी यांच्या ‘हुक’ किंवा ‘क्लोत्स्की’ या खेळांत तर सूचनेचं एक वाक्यही नाही. समोर काही रेघा असतात, बोट लावून पाहायचं आणि काय होतं ते बघायचं.

असल्या ओक्याबोक्या खेळात माणसं का रमतात? ते सोपे असतात, डोक्याला विसावा देतात, असं उत्तर सर्रास दिलं जातं. ते पटण्यासारखं नाही, कारण यातले बरेच खेळ भयंकर अवघड आहेत. स्टीफन लव्हेल यांचा २०१६ सालचा ‘स्टीफन्स सॉसेज रोल’ पहिल्याच लेव्हलला भल्याभल्यांना तासभर बसवून ठेवतो. कारण दुसरीकडे शोधायला हवं. बाकी सगळं काढून टाकल्यावर या खेळांत बदलण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खेळणाऱ्याची समज. तलवारी आणि राक्षसांच्या खेळात नायकाची ताकद वाढते, शस्त्रं वाढतात आणि खेळणारा मात्र होता तिथेच राहू शकतो. इथे नायक शेवटपर्यंत तसाच दुबळा असतो. काल अडलेली लेव्हल आज सुटली, तर ती कुणामुळे सुटली याबद्दल शंकेला जागाच उरत नाही. आपली समज वाढताना इतकी स्वच्छ दिसण्याचा योग शाळेत, नोकरीत किंवा संसारात फार कमी येतो.

हे जवळून बघायचं तर ‘सोकोबान’कडे जावं. जपानमधल्या ताकाराझुका शहरातल्या थिंकिंग रॅबिट या छोट्या कंपनीनं १९८२ साली हिरोयुकी इमाबायाशी यांचा हा खेळ बाजारात आणला. नियम दोन वाक्यांत मावतात. गोदामातले खोके ठरलेल्या जागी न्यायचे. खोका ढकलता येतो, ओढता येत नाही आणि एका वेळी एकच ढकलता येतो. नवा खेळाडू पहिल्या काही मिनिटांतच एखादा खोका कोपऱ्यात घालतो आणि त्याच्या लक्षात येतं की हा आता इथून हलत नाही. पुढे कळतं की भिंतीला टेकलेला खोका भिंतीच्या कडेकडेनंच सरकतो. त्या भिंतीलगत ठरलेली जागा नसेल तर तोही गेलाच म्हणायचा. मग एकदा दोन खोके भिंतीलगत शेजारीशेजारी येतात आणि दोन्ही एकदम अडकतात. आता हात ढकलण्याआधी थबकू लागतो. आणखी काही दिवसांनी मोठी उडी येते, ती उलटा विचार करण्याची. सगळे खोके जागेवर बसलेत असं धरायचं आणि मनातल्या मनात ते ओढत मागे न्यायचे. तेव्हा दिसतं की सगळ्यात आतला खोका आधी जायला हवा, आणि त्यासाठी दाराजवळचा खोका निदान घरभर सरकवून बाजूला ठेवायला हवा.

यातलं काहीही खेळ शिकवत नाही. नियम तेवढेच, गोदाम तेच. पण महिन्याभरानं त्याच नकाशाकडे बघणाऱ्याला मोकळ्या चौकोनांच्या जागी ‘इथे जाऊ नये’ असे मुलुख दिसायला लागतात.

या साधेपणाचा संबंध दिसण्याशी कमी आणि नियमांशी जास्त असतो. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा २०१४ सालचा खेळ दिसायला नितांत सुंदर आणि रेखीव आहे. एशरच्या चित्रांसारखे न जुळणारे जिने त्यात वळवले की जुळतात. लोक त्यात रमले ते विस्मयासाठी, कारण कोडी म्हणून ती फारशी अडवत नाहीत. उलट जोनाथन ब्लो यांच्या २०१६ सालच्या ‘द विटनेस’मध्ये अख्खं बेट आहे, झाडं, समुद्र, पडके वाडे, सगळं रंगांनी ओसंडणारं. पण करायचं एकच: पाटीवरच्या गोल ठिपक्यापासून टोकापर्यंत एक रेघ ओढायची. पहिली रेघ सरळ, दुसरीला एक वळण, पुढे चक्रव्यूह, मग काळे आणि पांढरे चौकोन, जे रेघेनं वेगळे करायचे असतात. हे कुणी सांगत नाही, चुकतमाकत उमगतं. वाटेत असं एखादं दार लागतं की त्यावरच्या खुणा काही केल्या कळत नाहीत. खेळाडू ते सोडून बेटावर दुसरीकडे भटकतो, तिथे त्याच खुणांची साधी उदाहरणं त्याला भेटतात. तो परत येतो आणि दार उघडतं. मधल्या काळात त्याला किल्ली मिळालेली नसते. ते दार पहिल्या दिवशीही तसंच उघडलं असतं, फक्त त्याला ते उघडता येत नव्हतं. किल्ली म्हणून ज्ञानाचा इतका थेट उपयोग क्वचितच कुठल्या खेळानं केला असेल.

एवढं कमी करून ठेवायला बनवणाऱ्यांना फार काम पडतं. आशर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी ‘थ्रीज’साठी चौदा महिने घालवले. चार बाय चारची चौकट, एक आणि दोन मिळून तीन, तीन आणि तीन मिळून सहा, असं पुढे. या आकड्यांना त्यांनी आधी सुशीचं रूप दिलं, मग बुद्धिबळाचं, प्राण्यांचं, हायड्रोजनच्या अणूंचं. एकेक करून हे सगळं गळलं आणि शेवटी आकडेच राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये खेळ आला. मार्चमध्ये गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलानं, ‘थ्रीज’च्या पाठोपाठ निघालेल्या तशाच खेळांवरून, एका वीकेंडला ‘२०४८’ लिहिला आणि फुकट खुला केला. आठवडाभरात तो चाळीस लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचला. ‘थ्रीज’च्या कर्त्यांना ते लागलं आणि त्यांनी आपला दीर्घ पत्रव्यवहार जाहीर करून बाजू मांडली.

खेळाडूच्या बाजूनं पाहिलं तर या दोन्हींतला फरक मोलाचा आहे. ‘२०४८’मध्ये मोठा आकडा एका कोपऱ्यात दाबून ठेवायचा हे एकदा उमगलं की खेळ जवळपास उमगला. त्यानंतर उरतो तो हाताचा छंद. ‘थ्रीज’मध्ये एक आणि दोन एकमेकांशिवाय अडून बसतात, शिवाय प्रत्येक सरकवण्यात सगळी चौकट एकच घर हलते, त्यामुळे समजायला बराच काळ काहीतरी शिल्लक राहतं. लोकप्रियता ‘२०४८’ला मिळाली. दीर्घकाळ गुंतवून ठेवण्याची ताकद मात्र ‘थ्रीज’मध्ये जास्त आहे, आणि चौदा महिन्यांची ती मेहनत वाया गेली असं म्हणणं अन्यायाचं ठरेल.

‘टेट्रिस’चं काय? १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेय पाजित्नोव यांनी तो इलेक्ट्रोनिका-६० या संगणकावर लिहिला. त्या यंत्राला चित्रं दाखवता येत नव्हती, म्हणून कंसाच्या खुणा जोडून चौकोन केले होते. इथे घड्याळ आहे, घाई आहे, आणि सहसा जिंकणं नाहीच. तरी समजेचीच गोष्ट इथेही वेगळ्या वाटेनं येते. डेव्हिड कर्श आणि पॉल माग्लिओ या संशोधकांनी १९९४ साली दाखवलं की सरावलेले खेळाडू पडणारा तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात. वरवर ही उधळपट्टी वाटते. पण तुकडा मनात फिरवण्यापेक्षा पडद्यावर फिरवून बघणं वेगवान असतं. म्हणजे बोटं विचार करत असतात आणि पडदा त्या विचाराचा भाग झालेला असतो. २००० साली रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या गटाला याहून नवल दिसलं. दिवसा ‘टेट्रिस’ खेळलेल्यांना झोप लागता लागता पडणारे तुकडे दिसत. ज्यांची नवी आठवण टिकतच नाही अशा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनीही तसंच सांगितलं. आपण कुठला खेळ खेळलो हे त्यांना आठवत नव्हतं, आकार मात्र खाली येत होते.

उकल सुचण्याच्या त्या क्षणाचाही माग काढला गेला आहे. मार्क बीमन आणि जॉन कूनिओस यांनी २००४ साली शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या. उत्तर एकदम सुचलं असं माणसानं सांगण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी मेंदूच्या उजव्या कानाच्या जरा वर असलेल्या भागात हालचालीची एक उसळी दिसली. ती हमखास आणता येत नाही. पण ती यावी म्हणून खेळ मोकळीक देऊ शकतो. चाल मागे घेण्याचं बटण ही या खेळांची सगळ्यात मोठी देणगी म्हणावी लागेल. कितीही वेळा मागे जा, दंड नाही, कमीपणा नाही. आर्वी तेइकारी यांच्या २०१९ सालच्या ‘बाबा इज यू’मध्ये खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी पडद्यावर मांडलेले असतात. ‘वॉल इज स्टॉप’ हे तीन ठोकळे ओळीत असेपर्यंत भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला केला की बाबा नावाचं पांढरं जनावर भिंतीतून चालत निघून जातं. भिंत अडवणारच, असं खेळाडूनं स्वतःच गृहीत धरलेलं असतं. ते गृहीत मोडतं तेव्हा लोक मोठ्यानं ओरडतात, आणि त्यात काही नवल नाही.

हा आनंद दुसऱ्याचा बघूनही मिळतो, हे २०२० च्या मे महिन्यात साऱ्या जगानं पाहिलं. टाळेबंदीचे दिवस होते. ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या इंग्लंडमधल्या वाहिनीवर सायमन अँथनी यांच्यापुढे मिचेल ली यांनी रचलेलं सुडोकू आलं. एक्याऐंशी घरांत फक्त दोन आकडे, एक आणि दोन. सोबत बुद्धिबळातल्या घोड्याच्या आणि राजाच्या चालीचे निर्बंध, आणि शेजारच्या घरांत लागोपाठचे आकडे नकोत ही अट. सायमन यांना आधी ही थट्टा वाटली. मग एक आकडा बसला, दुसरा बसला, आणि जवळपास पंचवीस मिनिटांत त्या जवळजवळ कोऱ्या चौकटीतून सगळं सुडोकू उभं राहिलं. सुडोकू हातात न धरणाऱ्या लोकांनीही लाखोंच्या संख्येनं हे पाहिलं. तिथे ना रंग होते ना संगीत, फक्त एका माणसाला कळत जाताना बघण्याची सोय होती.

मग कोडी सोडवण्याचं हे काम यंत्राला का देऊ नये? तेही करून झालं आहे. सोकोबान गणिती अर्थानं अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो हे जोसेफ कलबरसन यांनी नव्वदच्या दशकात सिद्ध केलं. त्याच सुमारास कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात आंद्रेआस युंगहान्स आणि जोनाथन शेफर यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमला प्रसिद्ध नव्वद लेव्हलपैकी बऱ्याच सोडवता आल्या नाहीत. माणसांनी त्या कधीच सोडवल्या होत्या. सगळ्या नव्वद सोडवणारा प्रोग्रॅम यारोन शोहम आणि शेफर यांनी २०२० साली प्रसिद्ध केला. त्याला नुसत्या चाली मोजण्यापलीकडे काही गोष्टी बघायला शिकवावं लागलं होतं: खोके कोणत्या क्रमानं भरायचे, गोदामाचे भाग एकमेकांना जोडलेले राहतात का, खोल्यांमधल्या वाटा मोकळ्या आहेत का, आणि कोणते खोके बेतात न बसणाऱ्या जागी जाऊन पडलेत. सोकोबानशी महिनाभर झटणारा माणूस हळूहळू याच प्रश्नांपाशी येतो, आणि त्याला ते कुणी शिकवावे लागत नाहीत.