कारखाना बुडतो तेव्हा कोण बुडतं?

राहायला शंकर नगर आणि कारखाना उरल्याला किंवा सिलतऱ्याला, असं रायपूरमध्ये अनेकांचं असतं. स्पंज आयर्न, रोलिंग मिल, फेरो अलॉय. यांतली एखादी 'पार्टी बसली' की चर्चा लगेच माणसावर घसरते: पैसा जमिनीत घातला, लग्नात उडवला, पोरं कामाची निघाली नाहीत. मला हा हिशेब पटत नाही. एक जण बुडाला तर स्वभावाला दोष द्यावा. एकाच धंद्यातले पाच जण लागोपाठ बुडाले तर कोणाचा स्वभाव तपासायचा?

पण ही सवय जुनी आहे. पेशवाईतला सावकार ऋणकोच्या दारात तगाद्याला माणूस बसवायचा. इंग्रजी अमदानीत त्या जागी दिवाणी तुरुंग आला. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यानंतर 1879 च्या दख्खनच्या कायद्याने शेतकऱ्याला कर्जापायी कैद करणं थांबलं. व्यापाऱ्यासाठी 1909 चा कायदा मुंबईसारख्या इलाखा शहरांत होता, 1920 चा बाकी मुलखात. असेल ते कोर्टाच्या हवाली करायचं आणि मोकळं व्हायचं. तरी नादारीचा अर्ज केलेल्याच्या घरी सोयरीक कोण करणार?

कापड गिरण्यांनी हा विचार बदलायला लावला. राजनांदगावची बंगाल नागपूर कॉटन मिल 1974 मध्ये इतर अनेक आजारी गिरण्यांबरोबर सरकारने ताब्यात घेतली. एवढ्या गिरण्यांचे मालक एकाच वेळी नालायक कसे निघतील? मग 1985 चा आजारी उद्योगांचा कायदा आला. प्रकरण त्या कायद्याच्या मंडळापुढे गेलं की वसुलीचे दावे थांबायचे, आणि वर्षानुवर्षं थांबूनच राहायचे. कारखाना आजारी, मालक ठणठणीत!

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने मालक आणि कारखाना यांची फारकत केली. अर्ज दाखल करून घेतला गेला की संचालक मंडळ बाजूला, आणि निर्णय बँकांच्या समितीकडे. जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा मोठी खाती नादारीत पाठवायला सांगितली, त्यांत पाच पोलादाची होती. त्यातली मोनेट इस्पात आपल्या छत्तीसगडची, रायगड आणि रायपूर जिल्ह्यांत कारखाने असलेली. सर्वोच्च न्यायालयाने 24 सप्टेंबर 2014 ला 214 कोळसा खाणींची वाटपं रद्द केली, पाठोपाठ चीनचं स्वस्त पोलाद बाजारात आलं. कर्ज मात्र तेजीच्या भावाने काढलेलं. मोनेटवर घेणेकऱ्यांचे सुमारे 11,000 कोटींचे दावे मान्य झाले. 2018 मध्ये जेएसडब्ल्यू आणि आयॉन यांनी कंपनी घेतली तेव्हा हाती आले जेमतेम 2,900 कोटी.

पोलादानंतर वीज. कोळशाची हमी नाही, वीज खरेदीचे करार अपुरे, अशी उभी राहिलेली केंद्रं एकेक करून विकली गेली. कोरबा वेस्ट 2019 मध्ये अदानींकडे गेलं, लॅन्को अमरकंटक 2024 मध्ये. त्याच वर्षी एसकेएस पॉवर रायपूरच्याच सारडा एनर्जीने घेतलं. भट्टी आणि बॉयलर उभे असतात म्हणून त्यांना गिऱ्हाईक मिळतं. जेट एअरवेजकडे विकण्याजोगं फारसं उरलंच नव्हतं; नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं अवसायन फर्मावलं. बिल्डर बुडतो तेव्हा तर घेणेकरी म्हणजे हप्ते भरणारं साधं कुटुंब असतं. संहितेच्या 2018 च्या दुरुस्तीने निदान त्यांना बँकांच्या पंगतीत बसवलं.

त्या पंगतीत ज्याला पाट नाही, तो पुरवठादार. कंपनी नादारीत गेली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात नोटीस येते: दाव्याची शेवटची तारीख, तात्पुरत्या निराकरण व्यावसायिकाचा ईमेल. ट्रकवाला किंवा भट्टीच्या विटा पुरवणारा बिलं आणि खातेउतारा जोडून फॉर्म बी भरतो. समितीत त्याला मत नाही. कंपनी अवसायनात गेली तर त्याचा नंबर सरकारी करांच्याही खाली. मार्च 2020 मध्ये नादारीच्या अर्जासाठीची किमान थकबाकी एक लाखावरून एक कोटीवर नेली. निमित्त महामारीचं होतं. महामारी गेली, कोटी तिथेच राहिले. वीस लाख अडकलेला माणूस एकट्याने दारही ठोठावू शकत नाही. मोठ्यांची बेअब्रू कायद्याने संपवली, हे चांगलंच झालं. पण त्यांच्या बुडण्याने जो बुडतो, त्याला आपण अजून 'याला धंदा जमला नाही' म्हणतो.

पुरवठादारासाठी ही कोटीची मर्यादा पुन्हा खाली आणायला हवी. तोवर माल बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या छोट्या मंडळींनी उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापावा, पैसे चुकते करायची मुदत लेखी घ्यावी, आणि कायद्याने घातलेली 45 दिवसांची मर्यादा उलटली की, पार्टी कितीही जुनी असली तरी, पुढची गाडी सोडू नये.